तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात आयसीयूच्या खाटा वाढवण्यासाठी गावात वर्गणी काढताहेत. पैसे नेमके कशाला द्यावेत?

द्या, पण व्हेंटिलेटरला नको. निदान आधी तरी नको. मी सरकारी आयसीयूत इन्चार्ज सिस्टर होते, आता निवृत्त आहे.

देणगीदाराला यंत्रच द्यायचं असतं. त्यावर नाव घालता येतं, फीत कापता येते. कोविडात आमच्याकडेही असे दोन आले. एकाचा फ्लो सेन्सर (हवेचा प्रवाह मोजणारा भाग) वर्षाच्या आत गेला आणि देखभालीचा करार कुणी केलेलाच नव्हता. मग त्याच्यावर प्लास्टिक घातलं. नाइटच्या मुली त्याच्या आडोशाला डबे ठेवायच्या.

आता माणसांचा हिशेब करा. व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटला एक सिस्टर लागते. ६ खाटा, तीन ड्युट्या, म्हणजे १८ जणी. त्यात वीकली ऑफ, रजा, बाळंतपणं धरली की २४-२५. श्वासाच्या नळीत कफ अडकला की पेशंटचा ऑक्सिजन बघता बघता खाली येतो, सक्शन (कफ ओढून काढणं) लगेच करावं लागतं. दोघीच असल्या आणि तिसऱ्या खाटेचा अलार्म वाजला तर तो वाजतच राहतो. (ही पाळी माझ्यावर आली आहे. फार लिहीत नाही.)

सिस्टरांचा पगार वर्गणीतून निघायचा नाही. पण मंजूर पदं किती आणि भरलेली किती, हे माहितीच्या अधिकारात विचारा आणि तो कागद घेऊन आमदारांकडे जा. त्या अर्जाला दहा रुपये लागतात.

वर्गणीतून काय घ्यायचं ते तिथल्या सिस्टरांना विचारा, पुढाऱ्यांना नको. त्या सांगतील: इन्फ्युजन पंप (शिरेतून औषध ठरल्या वेगानं सोडणारे), जास्तीच्या अंबू बॅगा (हातानं दाबून श्वास द्यायच्या), यूपीएसच्या बॅटऱ्या, एबीजी मशीनच्या (रक्तातला ऑक्सिजन वगैरे तपासणाऱ्या) कार्ट्रिज. या कार्ट्रिज वापरा न वापरा, मुदत संपली की फेकायच्या. म्हणून मशीन असतं आणि तपासणी बाहेरून करून आणावी लागते.

आणि खाट वाढवण्याआधी वायरिंग तपासून घ्या. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून १० बाळं गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या सिव्हिलचा आयसीयू पेटला. ऑक्सिजन भरलेल्या खोलीत एक ठिणगी पुरते.

पैसे रोख देऊ नका. रुग्ण कल्याण समितीच्या नावानं चेक द्या, पावती घ्या. उरलेच, तर बाहेर जिन्यात झोपणाऱ्या नातेवाइकांसाठी दोन बाकडी आणि एक पंखा बसवा.