रोटाव्हेटरआधी पहार

उन्हाळी मशागतीचे दिवस आले की मिनी ट्रॅक्टरवाल्यांचे प्रश्न वाढतात. दहांतले सात रोटाव्हेटरचे, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणाऱ्या अवजाराचे. या वेळी पुणे जिल्ह्यातले चार निवडले आहेत.

१८ एचपीचा ट्रॅक्टर आहे, दोन एकर कांदा, काळी जमीन. विक्रेता म्हणतो, चार फुटी रोटाव्हेटर घ्या, काम लवकर उरकेल. घेऊ का? (खेड)

जोडता येईल, पण काळ्या रानात ओढवणार नाही. इंजिनाचे १८ एचपी पीटीओपर्यंत, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्यापर्यंत, येता येता १५-१६ उरतात. रोटाव्हेटर जड झाला की इंजिन दबतं, पीटीओचे मिनिटाला ५४० फेरे पडत नाहीत आणि माती भुसभुशीत व्हायची सोडून नुसती ढकलली जाते. तुमच्यासाठी तीन फुटी बरा.

मात्र दुकानात जाण्याआधी टेप घेऊन मागच्या चाकांची रुंदी बाहेरून बाहेर मोजा. रोटाव्हेटर त्याहून अरुंद निघाला तर चाकाखाली दबलेला पट्टा तसाच राहतो. तसं असेल तर चाकं आत घेता येतात का, किंवा रोटाव्हेटर एका बाजूला सरकवून जोडता येतो का, ते विचारा. विक्रेता हे आपणहून सांगत नाही.

उसाचं रान आहे. चार-पाच वर्षं नांगरट बंद करून फक्त रोटाव्हेटर मारतो. वरून माती लोण्यासारखी दिसते, पण पाऊस पडला की पाणी तुंबतं. छोट्या ट्रॅक्टरला सबसॉयलर (खालचा घट्ट थर फोडणारं अवजार) चालेल का? (दौंड)

आधी एक काम करा. रानात वाफसा असताना, म्हणजे माती फार ओली नाही आणि फार सुकीही नाही अशा वेळी, पहार घेऊन जा आणि चार ठिकाणी नुसत्या हाताच्या जोराने दाबून पाहा. पाच-सहा इंच सहज जाऊन मग पहार एकाच खोलीवर अडत असेल, तर खाली तवा, म्हणजे मातीचा घट्ट थर, बसलाय. तिथेच खड्डा घेऊन मुळं पाहा, त्या थरावर ती आडवी पसरलेली दिसतील. रोटाव्हेटरची पाती दर वर्षी त्याच खोलीवर फिरतात. त्यांच्याखालची माती घासून आणि दाबून गुळगुळीत होते. रान ओलं असेल तर हे अधिकच होतं.

हे मला अनुभवाने कळलं. एका जूनमध्ये पेरणी मागे पडते म्हणून वाफसा नसताना मी स्वतःच्या काळ्या रानात रोटाव्हेटर घातला. पात्यांना मातीचे गोळे चिकटले, आठवड्याने ऊन पडलं आणि रानात विटा भाजल्यासारखी ढेकळं झाली. ती फोडता फोडता हंगाम गेला. तेव्हापासून चार इंच खालची माती मुठीत दाबतो आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडतो. गोळा फुटला तरच ट्रॅक्टर चालू.

आता सबसॉयलर. तो ४५-५० एचपीचा खेळ आहे, मिनी ट्रॅक्टर जागेवरच चाक फिरवेल. ऊस निघाल्यावर, रान पूर्ण सुकलेलं असताना, मोठा ट्रॅक्टर भाड्याने आणून तीन-चार वर्षांतून एकदा मारून घ्या. ओल्यात मारलात तर तवा फुटत नाही, नुसती चीर पडते. स्वतःसाठी पाच फणांचा कल्टिव्हेटर घ्या आणि रोटाव्हेटर लावणीआधी एकदाच फिरवा.

मुळशीत भातखाचरं आहेत, बांध जवळजवळ. चिखलणीला रोटाव्हेटर की लोखंडी चाकं? (मुळशी)

लोखंडी चाकं आधी. चिखलात रबरी टायर घसरतो. दोन्ही परवडलं तर सोबत रोटाव्हेटरही घ्या, मिनी ट्रॅक्टर लहान खाचरात वळतोही चांगला. बांधाकडे वळताना मात्र पीटीओ बंद करून मगच अवजार उचला.

पाण्यात चालवलेल्या रोटाव्हेटरचं सील आधी जातं. दिवसाअखेर गियरबॉक्सचं तेल पाहा. ते चहासारखं पांढुरकं झालं असेल तर पाणी शिरलंय. तेल बदला आणि सीलही. जुना रोटाव्हेटर विकत घेतानाही गियरबॉक्सचं झाकण उघडायला लावा आणि पात्यांचा दांडा हाताने हलवून पाहा. खडखडला तर बेअरिंग गेलंय. पाती झिजलेली असतील तर फार बिचकू नका, ती बदलता येतात.

डाळिंबाच्या मुरमाड रानात हराळी फार माजलीय. रोटाव्हेटरने बारीक करून टाकू का? (पुरंदर)

नको! हराळीच्या प्रत्येक पेराला डोळा असतो. तुम्ही तिचे तुकडे करून रानभर लावणीच कराल, शिवाय मुरमातले दगड पाती वाकवतील ते वेगळंच. एप्रिल-मे महिन्यात झाडांपासून दूर, ओळींच्या मधोमध, कल्टिव्हेटरने आडवं-उभं ओढा, काशा, म्हणजे हराळीची जमिनीखालची खोडं, वर आणा, उन्हात वाळू द्या आणि मग वेचून बांधाबाहेर काढा. झाडांच्या बुंध्याजवळ मात्र खुरपं. तिथली बारीक मुळं वरच्या थरातच असतात, अवजाराने तुटली तर फळधारणेवर परिणाम होतो.