पांढरं जाण्याचा एचआयव्हीशी संबंध असतो का?

ताई, तुम्ही लिहिलंय की अंगावरून पांढरं जातं, माशासारखा वास येतो, आणि डॉक्टरांनी कागदावर ‘बॅक्टेरियल व्हजायनोसिस’ लिहिलं. नवरा मुंबई-आग्रा रस्त्यावर ट्रक चालवतो. यातून एचआयव्ही होतो असं वाचलंत आणि तेव्हापासून झोप नाही.

यातून एचआयव्ही होत नाही. तो विषाणू बाहेरूनच यावा लागतो. पण तो आलाच, तर या दुखण्यात त्याला शरीरात शिरणं सोपं जातं. म्हणून घाबरायचं नाही आणि अंगावरही काढायचं नाही.

मी धुळे जिल्ह्यात एचआयव्ही समुपदेशनाचं काम करते. कापूस वेचणीच्या दिवसांत दिवसभर शेतात राबणाऱ्या बाया महिनोन्‌महिने हे कुणाला सांगत नाहीत. सासूला सांगितलं तर ‘सगळ्यांनाच जातं’ म्हणून विषय संपतो. थोडा, बिनवासाचा स्राव सगळ्यांनाच असतो, हे खरं. पातळ, राखाडी-पांढरा आणि संबंधानंतर जास्त वास मारणारा असेल, तर ते दुखणं.

निरोगी योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे जंतू असतात. ते लॅक्टिक आम्ल बनवतात, त्यामुळे तिथला पीएच, म्हणजे आंबटपणा मोजायचा आकडा, 4.5 च्या खाली राहतो (आकडा जेवढा कमी, तेवढं आम्ल जास्त) आणि बाहेरच्या जंतूंना पाय रोवता येत नाहीत. दारावर राखण बसावी तसं हे काम चालतं. हे जंतू कमी झाले की गार्डनेरेला, प्रेव्होटेला वगैरे जंतू वाढतात, आम्लता जाते, आतल्या नाजूक अस्तराला सूज येते. सूज आली की तिथे लढायला सीडी4 पेशी गोळा होतात. आणि एचआयव्ही नेमका याच पेशींमध्ये शिरतो. शरीर बचावाला धावतं आणि विषाणूला हवं ते त्याच्या पुढ्यातच येतं.

अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा या दुखण्यात एचआयव्ही लागण्याचा धोका साधारण 60 टक्क्यांनी वाढलेला दिसला. शंभरातल्या साठ जणींना होतो, असा याचा अर्थ नाही. मुळात जेवढा धोका असतो त्यात तेवढी भर पडते. दक्षिण आफ्रिकेत डरबनजवळच्या उमलाझीतल्या तरुण मुलींवरचा अभ्यास 2017 साली आला. ज्यांच्यात लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटस जातीचे जंतू भरपूर होते, त्यांच्या तुलनेत इतर जंतूंची गर्दी असलेल्या मुलींना लागण होण्याचं प्रमाण चौपट निघालं. त्याच वर्षी दुसरी गोष्टही कळली. एचआयव्ही टाळण्यासाठी योनीत लावायचं टेनोफोव्हिर जेल लॅक्टोबॅसिलस असलेल्या बायांमध्ये 61 टक्के उपयोगी पडलं, नसलेल्यांमध्ये फक्त 18 टक्के, कारण गार्डनेरेला ते औषधच खाऊन टाकतो. तोंडाने घ्यायच्या गोळ्यांना मात्र हा अडथळा आलेला दिसला नाही.

आता मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते हे: आतून धुऊ नका. वास येतो म्हणून जंतुनाशक टाकून, तुरटीच्या पाण्याने, साबणाने आत धुणाऱ्या कितीतरी जणी येतात. त्याने राखणीचे जंतूच वाहून जातात आणि दुखणं वाढतं. बाहेरून साध्या पाण्याने धुतलं की पुरे. दहीही आत लावू नका. दह्यातले आणि योनीतले जंतू एका कुळातले असले तरी जात वेगळी. आणि हे दुखणं घाणेरडेपणामुळे होत नाही. ते झालं म्हणजे नवरा बाहेर जातो किंवा बाई वाईट चालीची, असाही निष्कर्ष काढता येत नाही.

बहुतेक वेळा मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या सात दिवस देतात. तिसऱ्या दिवशी वास गेला की उरलेल्या गोळ्या डब्यात राहतात, असं नेहमी होतं. तुम्ही पूर्ण घ्या. तरी वर्षभरात अर्ध्याहून जास्त जणींना हे परत होतं. 2025 साली ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात नवऱ्यालाही सोबत औषध दिलं, तर बारा आठवड्यांत परत होण्याचं प्रमाण 63 वरून 35 टक्क्यांवर आलं. म्हणून परत झालं तर डॉक्टरांना नवऱ्याच्या औषधाबद्दल स्पष्ट विचारा.

एचआयव्हीची तपासणी तुम्ही दोघांनी एकदा करून घ्याच. संशय आहे म्हणून नव्हे, शंका मिटावी म्हणून. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, ती फुकट होते, आणि 2017 च्या कायद्याने तुमच्या संमतीशिवाय ती करता येत नाही की निकाल कुणाला सांगता येत नाही. संबंध अलीकडचा असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा करा. तोवर निरोध वापरा, त्याने हे दुखणंही कमी होतं. पांढरं जाण्याच्या औषधासाठी जिल्हा रुग्णालयात ‘सुरक्षा क्लिनिक’ विचारा. गावात बोलायची लाज वाटत असेल तर 1097 वर फोन करा, नाव सांगावं लागत नाही आणि मराठीत बोलता येतं.