मदरबोर्ड बदलला, आता हिशोबाचं सॉफ्टवेअर उघडेना आणि काट्याचं वजन येईना

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वसमतच्या मोंढ्यात आडत, ऐन हळदीचा सीझन, अवकाळीत वीज कडाडली आणि मदरबोर्ड गेला. दुरुस्तीवाल्यानं नवा बोर्ड न् प्रोसेसर टाकला, एसएसडी, म्हणजे डेटा साठवायची डिस्क, जुनीच ठेवली. विंडोज चालू झालं, पण हिशोबाचं सॉफ्टवेअर ‘लायसन्स मिळत नाही’ म्हणून बसलंय. काट्याचं वजन स्क्रीनवर येईना, शेतकऱ्याची हिशोबपट्टी छापेना, दुसऱ्या टेबलावरचं मशीन जोडलं जाईना. आणि तो म्हणतोय, ‘फॉरमॅट मारू, सगळं नव्यानं टाकू.’

मारू देऊ नका. आधी सॉफ्टवेअरच्या डेटाचं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या, आणखी एक कॉपी दुसऱ्या कॉम्प्युटरवर ठेवा. मग पुढचं.

तुमचं सॉफ्टवेअर बिघडलेलं नाही. जुन्या नोकराला नवा मालक ओळखू येईना, तसं झालंय. त्याला ज्या ज्या खुणा ठाऊक होत्या त्या जळालेल्या बोर्डाबरोबर गेल्या. फॉरमॅट मारला तर उरलेल्या खुणाही जातील आणि काटा, प्रिंटर, लायसन्स हे तिन्ही प्रश्न जागच्या जागी राहतील.

सगळ्यात आधी खाली उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. हसू नका. नवा बोर्ड कधीकधी दोन-चार वर्षं मागची तारीख घेऊन येतो. तारीख चुकली की जीएसटीचं पोर्टल उघडत नाही, ब्राउझर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणतो, आणि काही सॉफ्टवेअरला वाटतं की घड्याळ मागं सारून आपल्याला कुणी फसवतंय, म्हणून ते स्वतःच कुलूप लावून घेतात. तारीख-वेळ नीट करा, मशीन पूर्ण बंद करून चालू करा. बंद केल्यावर तारीख पुन्हा मागं गेली तर बोर्डावरचा नाण्याएवढा सेल बदला, सीआर२०३२ म्हणून मागा.

आता लायसन्स. अशी बरीच सॉफ्टवेअर पहिल्यांदा चालू करताना मशीनच्या खुणा टिपून घेतात: बोर्डाचा नंबर, डिस्कचा नंबर, नेटवर्क कार्डाचा बारा अक्षरी पत्ता. त्यांचा मिळून एक कोड करतात आणि दरवेळी उघडताना तो जुळतो का ते बघतात. नेटवर्क कार्ड बोर्डावरच असतं, त्यामुळं बोर्ड बदलला की दोन-तीन खुणा एका झटक्यात बदलतात. नुसती रॅम वाढवली असती तर बहुतेक काही झालं नसतं. एसएसडी जुनीच राहिली हे बरं झालं, पण एका खुणेवर कोड जुळत नाही.

यावर रस्ता एकच: विक्रेत्याकडून लायसन्स नव्या मशीनवर घेणं. एरवी जुन्या मशीनवर लायसन्स ‘सरेंडर’ करायचं आणि नव्यावर चालू करायचं अशी पद्धत असते. तुमचं जुनं मशीन जळालंय, म्हणून ते त्यांच्याकडूनच मोकळं करून घ्यावं लागेल. फोन लावण्याआधी लायसन्सचा सिरियल नंबर, नोंदवलेला मोबाईल आणि ईमेल हाताशी ठेवा. मोबाईल जुन्या मुनीमजींच्या नावावर असेल तर आधी त्यांना गाठा, ओटीपी तिकडंच जातो. आणि तोपर्यंत ‘अॅक्टिव्हेट’चं बटण पुन्हा पुन्हा दाबू नका, काही सॉफ्टवेअर प्रत्येक खेप मोजतात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. नांदेडला नवीन नवीन कामं घ्यायचो तेव्हा एका आडतीत असाच बोर्ड बदलला आणि शहाणपणा करून फॉरमॅट मारला. डेटा डी ड्राइव्हला होता, तो वाचला. लायसन्सची फाइल सी ड्राइव्हला होती, ती गेली. पुन्हा चालू करायला गेलो तर मोजून दिलेल्या खेपा संपलेल्या. शनिवार संध्याकाळ होती. सोमवारी दुपारपर्यंत मालकांनी हातानं पट्ट्या लिहिल्या आणि मी समोरच्या बाकड्यावर बसून राहिलो. ते एक शब्द बोलले नाहीत, चहा पाजत राहिले. त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तुमचं लायसन्स डोंगलवर असेल, म्हणजे यूएसबीत लावायची छोटी किल्ली, तर काम सोपं. ती मशीनला बांधलेली नसते. पण जुन्या डोंगलचं नव्या बोर्डाच्या निळ्या यूएसबी ३ खाचांशी कधीकधी पटत नाही. काळ्या खाचेत लावून बघा, नाहीतर साधा यूएसबी हब मध्ये घाला. आणि कुणी ‘क्रॅक टाकून देतो, पाचशे द्या’ म्हणालं तर हात जोडा. ज्या मशीनवर बँकेचं काम चालतं त्यावर कुणाचं काय बसवताय ते तुम्हाला कळणारसुद्धा नाही.

काट्याकडं वळू. माझ्या मते तुमचं खरं अडलंय ते इथं, कारण लायसन्स एका फोनवर सुटेल, हे कुणी फोनवर सांगणार नाही. काट्याच्या डिस्प्लेमागून एक वायर येते, तिच्या टोकाला नऊ पिनांचं, दोन स्क्रूचं कनेक्टर असतं. जुन्या बोर्डाला मागं त्याची खाच होती, तिचं नाव कॉम१. नव्या बोर्डाला ती नाही, म्हणून दुरुस्तीवाल्या पोरानं यूएसबीचा कन्व्हर्टर लावून दिला असणार. कन्व्हर्टर बरोबर चालतोय, फक्त विंडोजनं त्याला कॉम५ किंवा कॉम७ असा नंबर दिलाय. सॉफ्टवेअर बिचारं अजून कॉम१च्या दारात उभं आहे.

डिव्हाइस मॅनेजर उघडा, पोर्ट्समध्ये कन्व्हर्टर कोणत्या नंबरवर दिसतो ते बघा. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये पोर्ट बदलता येत असेल तर तोच नंबर द्या, काम झालं. येत नसेल तर उलटं करा: कन्व्हर्टरच्या प्रॉपर्टीज, पोर्ट सेटिंग्ज, अॅडव्हान्स्ड, आणि तिथं कॉम१ निवडा. समोर ‘इन यूज’ लिहून आलं तर घाबरू नका, बहुतेक ते जळालेल्या बोर्डाचं भूत आहे. व्ह्यू मेनूत ‘शो हिडन डिव्हायसेस’ केलं की जुना पोर्ट फिकट दिसतो. तेवढा अनइन्स्टॉल करा.

नंबर जुळूनही वजन आलं नाही तर स्क्रीनवर काय येतंय ते नीट बघा. काहीच येत नसेल तर वायर किंवा पोर्ट. आकड्यांऐवजी चित्रविचित्र अक्षरं येत असतील तर वायर ठीक आहे, आकडे पाठवायचा वेग (बॉड रेट) जुळत नाही. काट्याच्या डिस्प्लेत ९६०० असेल आणि पोर्टला २४०० तर हेच होणार. दोन्हीकडं एकच आकडा ठेवा.

पुढं एक गंमत आहे. कन्व्हर्टर काढून दुसऱ्या खाचेत लावला की त्याचा नंबर पुन्हा बदलू शकतो. हमालाचा पाय वायरीत अडकतो, कुणीतरी उचलून भलत्याच खाचेत लावतं, आणि तुमचा फोन मला येतो. घरून नेलपॉलिशची बाटली आणा, खाचेवर आणि कन्व्हर्टरवर एकेक ठिपका द्या. त्याहून पक्कं काम हवं असेल तर बोर्डावरच कॉम असं लिहिलेली पिनांची छोटी रांग आहे का बघा. बऱ्याच बोर्डांना ती असते, फक्त मागची खाच दिलेली नसते. त्यावर बसणारी पट्टी-वायर स्वस्तात मिळते आणि मग खराखुरा कॉम१ परत येतो.

प्रिंटरचं तेच रडगाणं. जुना डॉट मॅट्रिक्स एलपीटी१ वर, म्हणजे प्रिंटरच्या जुन्या खाचेवर होता, सॉफ्टवेअर डॉसच्या पद्धतीनं थेट तिथं छापत होतं. आता प्रिंटर यूएसबीवर गेलाय. तो विंडोजमध्ये शेअर करा आणि ‘नेट यूज’ या कमांडनं एलपीटी१ त्या शेअरला जोडून द्या. शेवटी ‘पर्सिस्टंट येस’ लिहायला विसरलात तर पुढच्या लॉगिनला पुन्हा हेच करावं लागेल.

दुसऱ्या टेबलावरचं मशीन जोडलं जाईना, कारण नवीन नेटवर्क कार्ड आलं आणि हातानं घातलेला जुना आयपी पत्ता, म्हणजे मशीनचा नेटवर्कवरचा नंबर, जुन्या कार्डाबरोबर गेला. दुसऱ्या मशीनवर जो सर्व्हरचा पत्ता लिहिलाय, तोच इथं नव्या कार्डाला द्या. विंडोज म्हणेल की हा पत्ता दुसऱ्या कार्डाकडं आहे, ते पुन्हा तेच भूत. आणि नेटवर्क ‘पब्लिक’ झालं असेल तर ‘प्रायव्हेट’ करा, नाहीतर फायरवॉल दार उघडत नाही.

‘अॅक्टिव्हेट विंडोज’ म्हणून कोपऱ्यात आलंय त्याची आज चिंता करू नका. त्यामुळं काटा किंवा हिशोब अडत नाही. विंडोजचं डिजिटल लायसन्स मुख्यतः बोर्डाशी बांधलेलं असतं. ते आधीच मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेलं असेल तर अॅक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटमध्ये ‘हार्डवेअर नुकतंच बदललं’ असा पर्याय निवडून परत मिळवता येतं. मशीनबरोबर आलेलं ओईएम लायसन्स असेल तर ते जुन्या बोर्डाबरोबर गेलं असं धरून चाला. आणि लॅपटॉपचा बोर्ड बदलणाऱ्यांसाठी जाता जाता: बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी काढून ठेवा, नंतर निळा पडदा ती मागतो आणि देईपर्यंत आत सोडत नाही.

सीपीयू उघडाच आहे तर पंख्यावर ब्रश मारून घ्या. वसमतच्या मशीनचा पंखा उघडला की आतून पिवळाधमक निघतो, हळदीची पूड ओलसर हवेत घट्ट चिकटून बसते. नव्या प्रोसेसरला ते सोसणार नाही.

आधी काटा करा, त्यावाचून लिलावाचं वजन अडतं. मग फोन लावून लायसन्स. डिव्हाइस मॅनेजरमधल्या पोर्ट्सचा फोटो आणि लायसन्सच्या खिडकीत आलेला संदेश जसाच्या तसा इथं टाका, मी रात्री नऊनंतर बघतो.