न्यायमूर्ती तेलंग हायकोर्टात चारच वर्षं होते, तरी त्यांचं नाव एवढं का घेतात?

तुम्ही विचारलंय, की काशिनाथ त्र्यंबक तेलंग मुंबई हायकोर्टात जेमतेम चार वर्षं न्यायमूर्ती होते, मग त्यांचं एवढं काय? मी दिवाणी वकिली करतो, वाटपाचे दावे रोजचेच. म्हणून थेट एका निकालाकडेच येतो.

१८९१ सालचा अपाजी नरहर कुलकर्णी विरुद्ध रामचंद्र रावजी कुलकर्णी हा खटला. वडील स्वतःच्या वडिलांबरोबर किंवा भावांबरोबर एकत्र आहेत, वाटणी झालेली नाही. अशा वेळी वडील राजी नसताना मुलाला वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सा मागता येतो का? फुल बेंचच्या, म्हणजे अनेक न्यायमूर्तींच्या मोठ्या पीठाच्या, बहुमताने सांगितलं, नाही येत. तेलंगांनी वेगळं मत दिलं. मिताक्षरा म्हणजे हिंदू वारसा-वाटणीच्या कायद्याचा आधार असलेला संस्कृत ग्रंथ; तिच्यात मुलाचा हक्क जन्मानेच येतो. मग तो मागायला बापाची संमती कशाला?

हे मत त्यांनी मूळ संस्कृत ग्रंथांच्या आधारे मांडलं, आणि मला त्यांची थोरवी इथेच दिसते. कोर्टाला हिंदू धर्मशास्त्र सांगणाऱ्या शास्त्र्यांची पदं १८६४ मध्ये रद्द झाली होती. त्यानंतर इंग्रज न्यायमूर्तींची भिस्त मुख्यतः भाषांतरांवर. तेलंगांना मिताक्षरा काय, मयूख हा तसाच दुसरा कायद्याचा संस्कृत ग्रंथ काय, स्वतः वाचता येत होते. मॅक्स म्यूलरच्या ग्रंथमालेत १८८२ साली आलेलं भगवद्गीतेचं इंग्रजी भाषांतर त्यांचंच, आणि तेव्हा ते भरात असलेले वकील होते! संस्कृत ‘मुद्राराक्षसा’ची त्यांनी संपादित केलेली आवृत्तीही आहे.

बाकी कारकीर्द थोडक्यात सांगतो. जन्म १८५० चा, हायकोर्टात वकिली १८७२ पासून. १८८५ साली मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं, त्यातही ते होते. १८८९ मध्ये, चाळिशीच्या आतच, न्यायमूर्ती झाले. त्यांच्याआधी नानाभाई हरिदास हे या कोर्टातले पहिले भारतीय न्यायमूर्ती. १८९२ मध्ये तेलंग मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू झाले आणि १ सप्टेंबर १८९३ ला गेले. वय फक्त ४३. त्यांच्या जागी महादेव गोविंद रानडे आले.

मुंबई इलाख्यात पुढे बहुमताचाच नियम चालला. मद्रास, अलाहाबादकडे मात्र मुलाला असा हिस्सा मागता येत होता, म्हणजे तेलंगांचं म्हणणं तिकडे टिकलं. एकाच मिताक्षरेखाली दोन प्रांतांतल्या दोन मुलांना दोन वेगळी उत्तरं मिळत, याचं मला अजून वाईट वाटतं.

वाचायचं असेल तर इंडियन लॉ रिपोर्ट्सच्या मुंबई मालिकेचा १६ वा खंड काढा, पान २९ पासून. आधी बहुमत वाचा, मग तेलंग.