एका हाताने बारबेल रोइंग करावं का? जिममध्ये १५ किलोच्या वर डंबेल नाहीत

करा की! मी सिडकोतल्या एका तळघरातल्या जिममध्ये जातो. तिथेही जड डंबेल नव्हते, म्हणूनच मी या रोइंगकडे, म्हणजे वाकून रॉड स्वतःकडे ओढण्याकडे, वळलो.

बारबेलच्या रॉडचं एक टोक भिंतीच्या कोपऱ्यात टेकवा, मध्ये गोणपाटाची घडी ठेवा. (पहिल्या दिवशी मी ठेवली नव्हती. प्लॅस्टर पडलं आणि मालकाची बोलणी खाल्ली.) रॉड सरकू नये म्हणून त्या टोकावर एक प्लेट आडवी ठेवा. दुसऱ्या टोकाला १० च्या प्लेटा लावा. २० ची मोठी प्लेट लवकर जमिनीला टेकते, मग हात पुरता खाली जातच नाही. रॉड २० किलोचा असला तरी एक टोक जमिनीवर असल्यामुळे त्याचं साधारण निम्मंच वजन हातावर येतं.

उजव्या हाताने ओढताना डावा पाय पुढे, डावं कोपर मांडीवर, कमरेतून वाका, पाठ सरळ. प्लेटच्या अलीकडे रॉड धरा आणि कोपर पँटच्या मागच्या खिशाकडे न्या. छातीकडे ओढलंत तर विंग्जवरचा (काखेखालून कमरेपर्यंतच्या पाठीच्या रुंद स्नायूंवरचा) भार कमी होतो.

रॉडला काटकोनात उभं राहून त्याचं जाड टोकच धरायचं, असाही प्रकार आहे. जॉन मेडोज या अमेरिकन बॉडीबिल्डरमुळे त्याला मेडोज रो म्हणतात. ते टोक ५० मिलिमीटर जाड असतं, त्यामुळे पाठीच्या आधी पकड सुटते. स्ट्रॅप (मनगटात अडकवून रॉडभोवती गुंडाळायचा पट्टा) लावा, त्यात कमीपणा नाही.

माझी खरी चूक वेगळीच निघाली. आधी मी पिंपळगाव बसवंतला टोमॅटोचे २० किलोचे क्रेट गाडीत चढवायचो, कायम उजव्या अंगाने. त्यामुळे डावी बाजू कच्ची राहिली होती, आणि डाव्या हाताने ओढताना मी अख्खं धड फिरवायचो. मित्राने व्हिडिओ काढला तेव्हा कळलं. शर्टाची बटणं जमिनीकडेच राहिली पाहिजेत. ती भिंतीकडे वळली की वजन जास्त झालं समजा. आता सेट कच्च्या हातापासून सुरू करतो. डाव्याने ८ झाले की उजव्यानेही ८ च, जोर शिल्लक असला तरी. असे तीन सेट.

ओढताना कमरेत चमक भरली किंवा पायात मुंग्या आल्या तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. मला दोन्ही हात बरोबरीला आणायला पाच महिने लागले.