गाडी दारात येते, मग घरी खत कशाला? : वाचकांचे प्रश्न

या खेपेच्या पत्रांत सगळ्यांत जास्त आहेत त्या कुंडीतल्या अळ्या. पावसाळा आहे, होणारच. त्यातलं एक पत्र निवडलं आहे, कारण त्यात अळ्यांबरोबर सासूबाईही आहेत.

प्रश्न : काकू, नमस्कार. मी इंदूरला सुदामा नगरात दुसऱ्या मजल्यावर राहते. गुढीपाडव्यापासून गॅलरीत मोठ्या कुंडीत ओल्या कचऱ्याचं खत करते आहे. पाऊस लागल्यापासून त्यात जाड, मातकट रंगाच्या अळ्या झाल्यात आणि झाकण काढलं की सडक्या अंड्यासारखा वास येतो. सासूबाई म्हणतात, रोज सकाळी दारात गाडी येते, फुकट कचरा नेते, मग घाण घरात साठवायची कशाला? मला उत्तर सुचत नाही. – एक सून

उत्तर : अगं, सासूबाईंचा मुद्दा आधी घेऊ, कारण तो चुकीचा नाही. गाडी फुकट नाही, त्याचं शुल्क आपण भरतो, एवढं फक्त त्यांना सांग. पण गाडीत दिलेला ओला कचरा वाया जात नाही, हे खरंच आहे. देवगुराडियाला पूर्वी कचऱ्याचे डोंगर होते. तो 13 लाख टनांच्या आसपासचा जुना कचरा चाळून, वेगळा करून 2018 च्या अखेरीपर्यंत जागा मोकळी केली गेली. आता तिथेच बायो-सीएनजीचा, म्हणजे ओल्या कचऱ्यापासून गाड्यांचा गॅस करणारा कारखाना आहे, 19 फेब्रुवारी 2022 ला सुरू झालेला. सुरू झाला तेव्हा दिवसाला 550 टन ओला कचरा घ्यायची त्याची क्षमता होती, आणि त्या गॅसवर शहरातल्या बसगाड्या धावतात. तेव्हा जिला वेळ नाही, जागा नाही, तिने सालं-देठं नीट वेगळी करून गाडीत टाकावी आणि अजिबात मनाला लावून घेऊ नये. अट एकच, ओल्या डब्यात शाम्पूची पुडी, दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा असलं काही जाता कामा नये. तो कोपरा वेगळा करणारा हात शेवटी कुणा बाईचाच असतो.

मग घरी का करायचं? भाजीच्या सालांत तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं. ते पाणी गाडीत भरून, इंधन जाळून शहराबाहेर न्यायचं, आणि आठवड्याने नर्सरीतून खताची पिशवी पैसे मोजून आणायची! आमच्या गल्लीत हे दोन्ही एकाच घरात चालतं. तुझ्या गॅलरीत तुळस, कढीपत्ता, मोगरा काही असेल तर खत करण्याला अर्थ आहे. एकही कुंडी नसेल तर तयार खताचं काय करणार, हा प्रश्न आधी सोडव.

आता वास. मी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे वास आला की मी नाक दाबत नाही, विचारते कुठला. सडक्या अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. आत हवा नाही, पाणी साचलंय. डोळ्यांना झोंबणारा, नवसागरासारखा वास असता तर तो अमोनिया, म्हणजे हिरवा माल जास्त आणि सुका कमी. तुझ्याकडे पहिला प्रकार आहे. कुंडी कशात तरी उपडी कर, तळाचं भोक बुजलंय का बघ, बुजलं असेल तर काडीने मोकळं कर. मग सगळा माल सुक्या पाल्यात कालवून परत भर. मूठभर घेऊन घट्ट पिळायचं. बोटांतून एखादा थेंब निघाला तर ओल बरोबर, धार लागली तर आणखी पाला. घरच्या कचऱ्याला मापाने दुप्पट सुकं लागतं, आणि लोक घालतात चिमूटभर, तीर्थप्रसाद दिल्यासारखं. सगळा घोळ तिथेच आहे.

सुकं म्हणून कोकोपीटच्या विटा विकत आणू नकोस. केरळातून ट्रकने आलेला काथ्याचा भुसा आणून पर्यावरण वाचवायचं, हे माझ्या काही पचनी पडत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिंपळ-कडुनिंब झडतात तेव्हा पोत्यात पाला भरून ठेवायचा. यंदा राहिला असेल तर उसाच्या रसाच्या गाडीवरची चिपाडं वाळवून, कातरून घाल. सुताराकडचा भुसाही चालतो, फक्त प्लायवूडचा नको, त्यात डिंकाची रसायनं असतात.

आणि अळ्या. तुझ्या वर्णनावरून त्या काळ्या सैनिक माशीच्या दिसतात. चपट्या, अंगावर वळ्या, एक टोक निमुळतं. या माशीला घरमाशीसारखी अन्नावर बसायची सवय नाही, ती चावतही नाही. अळ्या मात्र कचरा असा फस्त करतात की बघत राहावं. त्यांना मारू नकोस. वरून सुक्या पाल्याचा बोटभर थर दिलास आणि शिळा भात-वरण आत टाकणं थांबवलंस की आपोआप कमी होतील. सासूबाईंना किळस येत असेल तर झाकणाखाली जुन्या सुती साडीचा तुकडा बांध. निम्मं भांडण दिसण्यावरूनच असतं.

त्यांना आणखी एक गोष्ट सांग, माहेर-सासर दोन्ही इंदूरचं असेल तर नक्की आवडेल. खताची जगभर शिकवली जाणारी एक रीत आपल्या गावाच्या नावाने ओळखली जाते, ‘इंदूर पद्धत’. होळकरांच्या राज्यात 1924 साली इथे वनस्पती-संशोधनाची संस्था निघाली, अल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक. त्यांच्याबरोबर रसायनाचं काम पाहत ते यशवंत वाड. दोघांनी मिळून 1931 साली शेतातल्या टाकाऊ मालापासून खत करण्यावर पुस्तक लिहिलं. हॉवर्डचं नाव सगळे घेतात, वाडांचं आपण इंदूरकर मराठी माणसंसुद्धा घेत नाही! त्यांची रीत अशी : पालापाचोळा, शेण, गोठ्यातली गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर, तीन वेळा खाली-वर करायचं, तीन महिन्यांत खत. कपाशीच्या पळकाट्या, म्हणजे वेचणीनंतर उरलेली वाळकी झाडं, टणक, लवकर कुजत नाहीत. म्हणून त्या आधी रस्त्यावर अंथरायचे आणि बैलगाड्यांच्या चाकांखाली चिरडू द्यायचे. माळव्यात कपाशी, गाड्या आणि रस्ता तिन्ही होतंच, वेगळं यंत्र लागलं नाही. तुझ्याकडे चाकं नाहीत, कात्री आहे. फ्लॉवरचे दांडे, मक्याची कणसं, केळ्याची सालं बारीक करून टाक, महिनाभर आधी खत मिळेल.

प्रश्न : किराणा दुकानदार आता हिरव्या पिशव्या देतो. त्यावर ‘निसर्गात विरघळणारी’ असं छापलंय. त्या कुंडीतल्या खतात घातल्या तर चालतील का? – पलासिया

उत्तर : नका घालू. खरी कंपोस्ट होणारी पिशवी असेल तर तिच्यावर प्रमाणपत्राचा क्रमांक आणि ‘आयएस 17088’ हे मानक छापलेलं असतं. नुसतं हिरवं पान आणि गोड वाक्य असेल तर ते छपाईचं कौतुक समजा. आणि खऱ्या पिशवीलाही विघटनासाठी मोठ्या खतप्रकल्पातली साठ अंशांच्या जवळची ऊब लागते, ती तुमच्या कुंडीत कुठून येणार? साधी प्लॅस्टिक पिशवी 120 मायक्रॉनपेक्षा पातळ असेल तर 31 डिसेंबर 2022 पासून ती देताच येत नाही, हेही दुकानदाराला ऐकवा. जुन्या चादरीची थैली शिवून स्कूटरच्या डिकीत टाका, घरात ठेवलेली थैली कधीच वेळेला सापडत नाही.

प्रश्न : आम्ही वडोदऱ्याला दांडिया बाजारात तीन पिढ्यांपासून. गणपती घरचा, दीड दिवसाचा. मुलांनी हौसेने प्लास्टरची मूर्ती आणली, ती गेल्या वर्षी विसर्जनाला बादलीत ठेवली तर तशीच्या तशी राहिली. आता ती माळ्यावर आहे. टाकायची कशी? मन धजत नाही. – एक आजोबा

उत्तर : आजोबा, माळ्यावरची मूर्ती खाली काढा, घरच्या घरी विरघळेल. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे जिप्सम भाजून केलेली भुकटी. पाण्यात कालवली की ती परत जिप्सम होऊन घट्ट बसते, म्हणून बादलीत तिला काही झालं नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर सोपा तोडगा काढला : अमोनियम बायकार्बोनेट. बेकरीवाले बिस्किटं फुलवायला वापरतात तेच. मूर्तीच्या वजनाइतकं घ्यायचं, मूर्ती पूर्ण बुडेल इतक्या पाण्यात ढवळायचं आणि मूर्ती ठेवून अधूनमधून हलवत राहायचं. बुडबुडे येतात, दोनएक दिवसांत ती विरघळत जाते. खाली पांढरा गाळ बसतो, तो खडू. वरचं पाणी म्हणजे अमोनियम सल्फेटचं द्रावण, खत म्हणून वापरतात तेच. ते भरपूर पाणी घालून फुलझाडांना द्या. भाजीला नको, मूर्तीच्या रंगात काय होतं आपल्याला सांगता येत नाही. दागिने, मुकुटाची जर, कापड आधी काढून घ्या. आणि हे सगळं गच्चीवर करा, बंद न्हाणीघरात नाही. अमोनियाचा वास डोक्यात जातो.

यंदा मुलांना शाडूची किंवा तुमच्या अंगणातल्या मातीचीच मूर्ती करायला बसवा. सोंड वाकडी होईल, उंदीर मांजरासारखा दिसेल, होऊ द्या. आरतीला त्यांचं लक्ष मूर्तीकडेच असेल, फोनकडे नाही. बादलीत तासा-दोन तासांत माती सुटते आणि तुळशीच्या कुंडीत जाते, मन धजण्याचा प्रश्नच उरत नाही. निर्माल्यातली फुलं-दूर्वा खताच्या कुंडीत चालतात. दोरा आणि चमकीच्या माळा वेगळ्या काढा, त्या वर्षानुवर्षं तशाच राहतात.

प्रश्न : आर.ओ.चं वाया जाणारं पाणी बादलीत साठवतो. झाडांना घालावं का? – टिळक नगर

उत्तर : फरशी पुसा, संडासात ओता, उष्टी भांडी भिजवा. झाडांना रोज नको, त्यात क्षार एकवटलेले असतात, कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसू लागेल. पण मला विचारायचंय वेगळंच : यंत्र हवंय कशाला? एक लिटर पाण्यामागे घरगुती यंत्र दोन-तीन लिटर सोडून देतं. आणि ते पाणी नर्मदेचं असेल तर सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून पंपांनी विंध्य चढवून आणलेलं आहे! विजेचा एवढा खर्च करून आणलेलं पाणी मोरीत. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची भारतीय मानकाची मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे. टीडीएस मीटर शेजाऱ्याकडून मागून आणा आणि नळाचं पाणी मोजा. मर्यादेच्या खूप आत असेल तर क्षार काढायची गरज नाही. बोअरिंगचं असेल तर गोष्ट वेगळी. मात्र मीटर जंतू दाखवत नाही, हे विसरू नका. पावसाळ्यात पाणी गढूळ वाटलं, वास आला, तर मीटरचा आकडा बाजूला ठेवून खळखळ उकळा आणि तक्रार नोंदवा.

प्रश्न : मुलाची मुंज आहे, तीनशे पानं. केटरर म्हणतो कागदी प्लेटा घ्या, ‘इको’ आहेत. नणंद म्हणते स्टीलची ताटं, पण धुवायला पाणी किती जाईल? – मुंजीची आई

उत्तर : कागदी प्लेटेला आणि पेल्याला आतून बहुतेक वेळा प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. भिजलेली प्लेट फाडून बघ, पारदर्शक पापुद्रा हाताला येतो. म्हणून ती ना ओल्यात, ना सुक्यात. उष्टं लागलेला कागद कुणी परत घेत नाही. पळसाच्या पानांची, काडीने टाचलेली पत्रावळ मिळाली तर उत्तम, ती ओल्या कचऱ्यात सरळ जाते. घेताना उलटून बघ, हल्ली पानांखाली प्लॅस्टिक चिकटवून विकतात.

नणंदेचं म्हणणं मला जास्त पटतं. इंदुरात बर्तन बँका आहेत, ताटं-वाट्या-पेले तिथून आणता येतात. पाणी वाचवायचं तर नळाखाली धुवायचं नाही. आधी उष्टं खरवडून घ्यायचं, मग तीन घंगाळी : एकात राखेने किंवा साबणाने घासायचं, दुसऱ्यात विसळायचं, तिसऱ्यात चांगल्या पाण्यातून काढायचं. पहिल्याचं पाणी गढुळलं की ओतून द्यायचं, दुसरं पहिल्याच्या जागी, तिसरं दुसऱ्याच्या. आपल्या आज्या विहिरीचं पाणी वर ओढून आणत, त्या याच हिशोबाने धूत.

पण बाई, ताट कसलं यापेक्षा ताटात काय उरतं ते जास्त बघ. इंदुरी समारंभात काउंटरांची रांगच लागते, माणूस चव घेत फिरतो आणि निम्मं टाकतो. त्या अन्नामागचं पाणी, गॅस, तेल, सगळं प्लेटेच्या कितीतरी पट असतं. मुंजीला तरी पंगत बसव. वाढप्यांना बजाव, मसालेभात पहिल्या फेरीला अर्धा डाव, जिलबी मागितल्यावरच, आणि पानातला पदार्थ संपल्याशिवाय दुसरा आग्रह नाही. आग्रह करणारे काका प्रत्येक घरात एक असतात, त्यांना त्या वेळी मातृभोजनाच्या फोटोंच्या कामाला लाव. उरलेलं शिजवलेलं अन्न झाकून, गरम असतानाच कुठे पोचवायचं ते आदल्या दिवशी फोन करून ठरव, रात्री दहाला कुणी दार उघडत नाही. उष्ट्याचे डबे वेगळे ठेव आणि गाडी केव्हा येईल ते झोनच्या कार्यालयात आधीच विचारून घे.