फैरींचा आकडा आणि विमानविरोधी तोफगाडे

तेच ते प्रश्न पुन्हा येत आहेत, म्हणून एकदाच उत्तरं देतो.

शिल्का हा रणगाडाच ना?
नाही, तो सोव्हिएत बनावटीचा विमानविरोधी तोफगाडा. साखळीपट्टे आहेत, पण चिलखत जेमतेम रायफलची गोळी अडवण्याइतकं.

शिल्का मिनिटाला 3400 फैरी झाडते, जर्मन तोफगाडा गेपार्ड 1100. मग शिल्काच सरस ना?
माहितीपत्रकवाले हाच आकडा ठळक छापतात आणि लोक भुलतात. शिल्कात गोळे असतात 2000; म्हणजे सलग मारा केला तर पस्तीस सेकंदांत कोठार रिकामं! शिवाय नळ्या तापतात, त्यामुळे मारा तुटक तुटकच करावा लागतो. खरा प्रश्न नेमाचा. विमान 2 किलोमीटरवर, वेग सेकंदाला 250 मीटर. 23 मिलिमीटरचा गोळा सुटताना सेकंदाला सुमारे 970 मीटरने जातो, पण हवेत मंदावतो. पोचायला तीन सेकंदांहून जास्त लागतात. तोवर विमान पाऊण किलोमीटर पुढे गेलेलं असतं, म्हणून नेम धरायचा तो रिकाम्या आभाळावर. नळी झिजून सुटतानाचा वेग दोन टक्के जरी घटला, तरी झोत विमानाच्या पंधरा मीटर मागून जातो. मग 3400 चुकल्या काय नि 1100 चुकल्या काय! गेपार्डच्या नळ्यांच्या टोकाला फुगवटा दिसतो ना? तिथे प्रत्येक गोळ्याचा वेग मोजून तो संगणकाला दिला जातो. झिजेचा अंदाज डोळ्यांनी बांधू नका. फैरींची नोंदवही घेऊन तोफेच्या तंत्रज्ञाकडे जा, तेही आजच. सरावाच्या आदल्या दिवशी नव्हे.

क्षेपणास्त्रं असताना तोफ कशाला?
तुंगुस्का या तोफा आणि क्षेपणास्त्रं दोन्ही असलेल्या सोव्हिएत गाड्याचं मूळ क्षेपणास्त्र अडीच किलोमीटरच्या आत निरुपयोगी. तिथे तोफच.

आमच्या जुन्या 35 मिलिमीटर तोफेतून ड्रोनविरोधी नवे गोळे चालतील, असं विक्रेता म्हणतो. खरं का?
अर्धवट. त्या गोळ्यात टंगस्टनचे 152 तुकडे असतात आणि लक्ष्याच्या किंचित अलीकडे तो फुटायला हवा. फुटण्याची वेळ नळीच्या तोंडाशीच, मोजलेल्या वेगावरून भरली जाते. ती जोडणी नसेल तर नुसता गोळा घेऊन काय करणार? पैसे मोजण्याआधी मारानियंत्रण यंत्रणेच्या अभियंत्याला दाखवा.

न लागलेले गोळे खाली पडतात का?
बहुतेक काही सेकंदांत हवेतच आपोआप फुटतात. एखादा राहतो. सापडला तर लाथ मारून बघू नका, उचलू नका. जागा लक्षात ठेवून बॉम्बनाशक पथकाला कळवा.